तेल्याचा पोळा

बार्शीटाकळीहून चिंचझिऱ्याला डांबरी रस्ता आहे, असं कागदावर सापडेल. कागदावर तर चिंचझिऱ्यात दवाखानाही आहे. खरा रस्ता नाल्यापाशी दम टाकतो आणि तिथून पुढं काळी माती सुरू होते. ही माती उन्हाळ्यात माणसाचा पाय भेगेत धरून ठेवते आणि पावसाळ्यात त्याच्या पायातली चप्पल मागून घेते. एकदा घेतलेली चप्पल तिनं कोणाला परत दिल्याचं ऐकिवात नाही. म्हणून गावात बाहेरचा पाहुणा आला की माणसं आधी त्याच्या पायाकडं बघतात. दोन्ही पायांत चप्पल असली तर समजायचं, याला नत्थुजी गावंड्यांच्या जीपनं आणलं.

जीप नत्थुजींकडं आली ती जंगल खात्याच्या लिलावातून, आणि आली तेव्हाच ती म्हातारी होती. त्यानंतर तिनं कापूस वाहिला, सरकी वाहिली, मोटारपंप वाहिले, नवऱ्या वाहिल्या. एकदा तर पातूरच्या जंगलात मागच्या सीटवर एक अस्वल येऊन बसलं, गावाच्या शिवेपर्यंत गुमान आलं आणि उतरून गेलं, असं नत्थुजी सांगत. "अस्वल काही बोललं नाई का?" कोणी विचारलं तर म्हणत, "बोलन काय? दचके खाऊन त्याची जीभ चावल्या गेली होती."

आता जीपचं दार सुतळीनं बांधलेलं होतं. तळाला भोक होतं, त्यातून खाली बघून नत्थुजी रस्ता ओळखत. टाकीत डिझेल किती, हे तुराटीची काडी बुडवून बघायचं. एक्सलेटरच्या जागी जुन्या वहाणेचा तळवा ठोकला होता. रेडिएटर गळायला लागला की त्यात मूठभर हळद टाकायची. हॉर्न फक्त डावीकडं वळताना वाजे, म्हणून उजवीकडं वळताना नत्थुजी स्वतः ओरडत. बॅटरीत हॉर्नपुरताच जीव उरला होता. पण गावंड्यांचं घर गावाच्या अगदी वरच्या टोकाला, टेकाडावर, त्यामुळं बॅटरी लागते कोणाला? जीप अंगणातल्या गोठ्यात उतारावर तोंड करून उभी ठेवायची आणि पुढच्या चाकाखाली अटकाव म्हणून दगडी पाटा सारायचा. पाटा काढला की जीप आपोआप घरंगळायची आणि मारोतीच्या पारापर्यंत जाता जाता चालू व्हायची.

तो पाटा आशाबाईचा. माहेराहून आलेला. नत्थुजींनी एका दिवाळीला तो "दोन दिवसांसाठी" नेला आणि अजून ते दोन दिवस सरले नव्हते. वरवंटा घरात एकटाच बसून होता. आशाबाई पुरण मिक्सरमध्ये फिरवायची आणि फिरवताना नवऱ्याचा उद्धार करायची, "पाट्यावरचं पुरन खाऊन जमाना झाला. माह्या मायचा पाटा त्या डबड्याच्या पायाखाली!"

जीपला नाव होतं तेल्या. ते खरं तर नत्थुजींच्या बैलाचं नाव. शेवटची जोडी तेल्या-बांड्याची. बांड्या आधी गेला. एकटा राहिलेला तेल्या चारा खाईना. हिवाळ्यात बाजारातून आलेली जीप गोठ्यात उभी केली की तो तिच्या गरम बॉनेटवर मान टेकवून उभा राही. तसा उभा असतानाच एका पहाटे तो गेला. नत्थुजींनी त्याची घंटा जीपच्या आरशाला बांधली, आणि नाव घंटेबरोबरच आलं.

आरसा नव्हताच. दांडी होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पावसाची झड लागली होती. संध्याकाळी गावभर बैलांची खांदमळणी चालली होती. नत्थुजींनी पळसाची पानं घेतली, वाटीत हळद आणि लोणी कालवलं आणि तेल्याचा पुढचा बंपर चोळायला बसले. वर्षभर ओझं ओढलेल्या खांद्याला चोळावं तसं, अंगठ्यानं दाबून, दमानं. चोळून झाल्यावर बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

मुलगा शिवम शेतातून आला तो दारातच थांबला.

"बाबा, हे काय करून राह्यले?"

"खांदमळणी."

"जीपची?"

"नाई, तुही. वाक, इकडं मान कर."

शिवमनं डोक्यावरचं पोतं झटकलं. "बाबा, परवा देवानंद येऊन राह्यला अकोल्याहून. ट्रक घेऊन. मी त्याले शब्द देला."

देवानंद म्हणजे अकोल्याच्या जुन्या शहरातला भंगारवाला. शिवमनं भाजीपाला न्यायला नवी पिकअप ठरवली होती आणि तिला उभं राहायला गोठा हवा होता. पोराचं म्हणणं वावगं नव्हतं. हेच नत्थुजींना जास्त झोंबत होतं.

"आवतन देल्यावर पाहुन्याले भंगारात देत असते काय?"

"पाहुना? बाबा, थे लोखंड हाय! पासिंग संपलं, कागद संपले, बुडाले भोक हाय. मागच्या बाजारी पंजाबरावबुवाची पानाची थैली त्या भोकातून पडली, थो अजून माह्याशी बोलत नाई."

आवाज ऐकून आशाबाई बाहेर आली. हाताला कणीक. तिनं आधी बंपर पाहिला, मग वाटी पाहिली.

"लोनी घरचं हाय का इकतचं?"

"घरचं."

"जळो मेलं." ती दोघांच्या मधे उभी राहिली. "हे पाहा, दोघंही ऐका. या घरानं म्हाताऱ्या बैलाले कधी बाजार दाखवला नाई. माह्या सासऱ्यानं नाई, तुमीही नाई. बैल असन त दावनीलेच मरन. पन बैल कोन ठरवन? तुमच्यावर सोडलं त उद्या चक्कीले म्हैस म्हनसान. गावानं उद्या तोरणात उभा केला, त मी म्हनन बैल हाय. मंग शिवम, तुह्या देवानंदले तू सांगजो. नाई केला, त परवा मी सोता त्याले हार घालून ट्रकात चढवन. मान्य?"

"मान्य," शिवम चटकन म्हणाला. त्याला गाव माहीत होतं.

"मान्य," नत्थुजी म्हणाले. त्यांनाही माहीत होतं, पण बोटांना लोणी लागलेलं होतं आणि अशा वेळी माणूस नाही म्हणू शकत नाही.

सकाळी त्यांनी तेल्याला आंघोळ घातली. चाकांतला चिखल उलथण्यानं काढला. मडगार्डांवर गेरूचे ठिपके दिले. एका दिव्यावर भिंगरी लावली. दुसरा दिवा नव्हता, त्या खोबणीत झेंडूचं फूल बसवलं. टपावर झूल म्हणून आशाबाईचं जुनं जरीचं लुगडं टाकलं. ते तिच्या ट्रंकेतून कसं निघालं हे तिनं विचारलं नाही, फक्त म्हणाली, "पदर चिखलात जाऊ देऊ नका."

मग धुतलेलं धोतर नेसून ते एकटेच मारोतीच्या पारावर गेले. आधी विचारावं, मग आणावं.

पारापुढं बांबूंना तोरण बांधणं चाललं होतं. अंबाडीचा हाताएवढा जाड दोर, त्याला आंब्याची पानं. या तोरणाखाली सगळ्या जोड्या उभ्या राहायच्या, मानाची जोडी पुढं. ती निघाली की तोरण तोडायचं आणि पोळा फुटायचा. मान खुशालरावांचा. खुशालराव कडक इस्त्रीत उभे होते, एक पाय सतरंजीवर आणि एक पाय चिखलाबाहेर. आज त्यांचे नवे व्याही धामणगाव रेल्वेहून मान पाहायला येणार होते.

नत्थुजींनी विषय काढला. आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा पारावर हशा पिकला.

"बैलाले वशिंड असते, नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "तुमच्या बैलाले वशिंड कुठी हाय?"

"मांगं स्टेपनी टांगली हाय, थे काय हाय मंग?"

"शेन टाकते का?"

"ऑइल टाकते. उभा करान तिथी टाकते."

"रवंथ करते का?" मागून कोणीतरी.

यावर पंजाबराव बोलले. पंजाबराव गावातले सगळ्यांत म्हातारे. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे बैलांपुढची गाणी, म्हणायचा हक्क त्यांचा. तोंडात दात नव्हते, पण शब्दांना होते. "रवंथ त करते बापा. चालू केला का अर्धा घंटा जाग्यावरच चावत राह्यते. अन् माही पानाची थैली खाल्ली त्यानं, म्हनजे चरतेही."

पुन्हा हशा. नत्थुजीही हसले. त्यांना वाटलं, हसतंय म्हणजे गाव वळतंय. तेवढ्यात खुशालराव म्हणाले, "बैलाले जीव असते, नत्थुजी. भंगाराले नसते. हे तोरण हाय, भंगाराचं दुकान नाई. व्याही येऊन राह्यले, माहं हसं करू नका."

त्यानंतर कोणी हसलं नाही, आणि तेच वाईट झालं. नत्थुजी थोडा वेळ तोरणाची पानं मोजल्यासारखे वर बघत राहिले. मग खांद्यावरचं उपरणं सारखं करून टेकाड चढू लागले. वाटेत सजवलेल्या जोड्या खाली येत होत्या. प्रत्येक वेळी बैलांना वाट द्यायला त्यांना चिखलात उतरावं लागलं.

घरी येऊन ते थेट तेल्याच्या सीटवर जाऊन बसले. आशाबाईनं त्यांच्या कपाळाकडं बघितलं. पुरणपोळीचं ताट तिथंच आणून दिलं. नत्थुजींनी पोळी रुसूनच खाल्ली, पण वरून तूपही मागितलं.

झड थांबेना. दुपार कलली तेव्हा खालून आरडाओरडा ऐकू आला.

झालं होतं असं. खुशालरावांचे व्याही उद्धवराव वकील आणि विहीणबाई प्रमोदिनीबाई नव्या गाडीतून आले. गाडी उंच, काळी, चकाकणारी. छतातून डोकं बाहेर काढायची सोय. नाल्यापाशी लोकांनी हात केले, पण वकीलसाहेबांना ते स्वागत वाटलं. गाडी नाल्यात उतरली, मधोमध पोचली आणि काळ्या मातीनं तिला आपली म्हटलं. चाकं जितकी फिरली तितकी गाडी खाली गेली. खुशालरावांचा ट्रॅक्टर ओढायला आला, तो काठावरच पोटापर्यंत बसला. आता दोन वाहनं एकमेकांकडं बघत बसली होती आणि नाल्याला पाणी चढत होतं.

"अहो, काहीतरी करा!" उद्धवराव छतातून डोकं काढून ओरडले. "गाडीला एअरबॅगा आहेत, पण पाणी आत येतंय!"

"थ्या फुगवून तरंगता येते का पाहा!" काठावरून सल्ला आला.

प्रमोदिनीबाईंनी छतातून छत्री बाहेर काढली आणि उघडली. दुरून पाहणाऱ्याला नाल्यात एखादं मोठं कासव छत्री घेऊन बसल्यासारखं दिसत होतं.

पारापाशी गावातल्या सगळ्या जोड्या सजून उभ्या. दोन जोड्या जुंपल्या असत्या तर गाडी चुटकीसरशी निघाली असती. एकानं तसं म्हटलंही. पंजाबराव थुंकले. "पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू? बैलाच्या वाटचा एवढा एकच दिवस हाय. हात त लावून पाहा."

मानकरी नाल्यावर म्हणून मानाची जोडी हलेना, ती हलेना म्हणून पोळा फुटेना. बैलांनी एकमेकांच्या झुली चावायला सुरुवात केली होती.

आणि मग, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले खुशालराव, मागं पंजाबराव, त्यांच्यामागं शिवम आणि निम्मं गाव टेकाड चढून नत्थुजींच्या अंगणात आलं.

नत्थुजी सीटवरच होते. स्टिअरिंगवर दोन्ही हात.

"नत्थुजी, जीप काढा बरं."

"कोनती जीप? इथं त भंगार हाय."

"बरं, गाडी. गाडी काढा."

"गाडी म्हनता त तिचं पासिंग संपलं. कायद्यानं रस्त्यावर काढता येत नाई. तुमचे व्याही वकील हायत, इचारून या. मी थांबतो इथी."

"अरे बापा, थे त पान्यात हायत!"

"मंग ओरडून इचारा."

खुशालरावांनी खाली नाल्याकडं बघितलं. छत्री किंचित कलली होती. "काय म्हनू मंग? बैल म्हनू?"

"मी काय सांगू? तुमी मानकरी."

"बरं, बैल."

"पंजाबरावबुवाले ऐकू आलं नाई."

"बैल हाय!" खुशालराव ओरडले. "गावंड्याचा बैल हाय, तोरणात उभा करा, माह्या जोडीच्या पुढं उभा करा, पन काढा आता!"

"ऐकलं मी," पंजाबराव म्हणाले. "मारोतीनंही ऐकलं."

नत्थुजींचा चेहरा उजळला. तेल्याला दावण मिळाली. त्यांनी पाय वहाणेच्या तळव्यावर ठेवला, आणि तिथंच थांबले. चेहऱ्यावरचा उजेड हळूहळू मावळला.

"काय झालं?"

"बैल हाय म्हनता ना?"

"हो म्हटलं ना!"

"मंग आज पोळा हाय," नत्थुजी कसनुसे म्हणाले. "आज बैल जुंपत नाई."

खुशालरावांनी कपाळावर हात मारला. हात चिखलाचा होता, कपाळावर टिळा उमटला.

"बाबा, आता हद झाली!" शिवम म्हणाला.

हद झाली होती खरी, पण नत्थुजी आडमुठेपणा करत नव्हते. त्यांनी स्वतःच वळलेल्या दोरीत स्वतःचाच पाय अडकला होता. खाली दोन म्हातारी माणसं पाण्यात होती आणि त्यांना काढण्याची ताकद साऱ्या गावात एका तेल्यात होती. पण आज ओढायला नेला की तो गाडी ठरणार. गाडी ठरली की तोरण गेलं, तोरण गेलं की उद्या देवानंद. न न्यावा तर माणूस म्हणून तोंड कुठं दाखवावं? त्यांनी घंटेकडं बघितलं, छत्रीकडं बघितलं. पंजाबरावही यावर गप्प होते, म्हणजे पेच साधा नव्हता.

आशाबाई सूप हातात घेऊन गर्दीतून वाट काढत जीपच्या पुढून घराकडं निघाली. काहीतरी पडलं म्हणून वाकली. "काय मानसाइची जात!" पुटपुटत बाजूला झाली. नत्थुजी हताश होऊन सीटवर धपकन मागं रेलले. जीप केसभर मागं सरली.

आणि मग पुढं.

आधी नत्थुजींना वाटलं, लोकच मागं चाललेत. मग अंगणातली तुळस गेली, फाटक गेलं. "सुटला! तेल्या सुटला!" कोणीतरी किंचाळलं. ब्रेक नत्थुजींनी दाबला, पण तो ब्रेक म्हणजे दाबणाऱ्याच्या समाधानासाठीच ठेवलेला होता. गल्ली डावीकडं वळली, हॉर्न कर्कशला. गल्ली उजवीकडं वळली, नत्थुजी जिवाच्या आकांतानं ओरडले, "हाऽऽट! हाट रेऽऽ!" सवयीनं हात दांड्यावर गेला, दुसरा गिअर पडला, क्लच सुटला. तेल्या खोकला, शिंकला, काळ्या धुराचा एक लोट सोडून धडधडत चालू झाला. मागं जरीचं लुगडं निशाणासारखं फडफडत होतं.

पुढं मारोतीचा पार. जोड्यांनी दोन्ही बाजूंना अंग चोरलं, मधे वाट झाली, आणि खुशालरावांच्या मानाच्या जोडीच्या नाकासमोरून तेल्या तोरणाखाली शिरला. तोरण काचेच्या चौकटीत अडकलं, बांबू वाकले, तटकन तुटले.

पोळा फुटला.

घंटा, घुंगरं, हाकाटी यांचा एकच कल्लोळ झाला. पोळा फुटला म्हणजे पळायचं, एवढं बैलांना पिढ्यानपिढ्या माहीत. पुढं तेल्या, मागं चिंचझिऱ्याचे सगळे बैल, बैलांमागं धनी आणि सगळ्यांत मागं एका हातानं धोतर धरलेले खुशालराव, अशी ती वरात नाल्यावर उतरली. छतातून हे येताना पाहून उद्धवराव वकील आत बसले आणि त्यांनी काच लावून घेतली.

काठावरच्या चिखलानं तेल्याला आपसूक धरलं. इंजिन धडधडत राहिलं. वकीलसाहेबांच्या गाडीच्या नाकापासून तो दोरभर अंतरावर उभा होता, आणि चौकटीवरून घसरलेला तोरणाचा दोर बंपरला वेढे घालून पुढं पाण्यात पडला होता.

"आपल्या मनानं आला!" नत्थुजी हात वर करून ओरडले. "मी जुंपला नाई! सारे साक्ष हा!"

"आला त आला, आता ओढा!"

"ओढनं म्हनजे जुंपनंच झालं ना भाऊ!"

सगळ्यांनी पंजाबरावांकडं बघितलं. दोन माणसांनी त्यांना खांद्यावर बसवून आणलं होतं. त्यांनी वरूनच सारा मामला न्याहाळला, हिरड्या चावल्या आणि निवाडा दिला.

"बैल जुंपला का पुढं वढते. वढते का नाई? हा त तोंड नाल्याकडं करून उभा हाय. आता थकला बैल, घरी जाईन. मांगच्या पावलानं जाईन, कारन वळाले जागा नाई. त्याच्या गळ्यात तोरण हाय, जू नाई. थे तोरण जाता जाता कोनाच्या गाडीत अडकलं, त त्यात बैलाचा काय दोष?"

उभ्या गावाला हे एका क्षणात पटलं. तोरण अडकवायचं काम खुशालरावांनी स्वतः केलं. कंबरभर पाण्यात उतरून, इस्त्रीसकट. व्याह्यांच्या गाडीच्या कडीत त्यांनी मानाच्या तोरणाची गाठ मारली, आंब्याच्या पानांसकट.

नत्थुजींनी पुढची चाकंही जोडली, लहान गिअर टाकला, आणि भोकातून खाली बघितलं. चिखल. फक्त चिखल. "चाल माह्या राजा," ते हळूच म्हणाले. "घरी चाल."

तेल्यानं मान खाली घातली, असं बघणारे अजून सांगतात. चारही चाकं मातीत रुतली, थरथरली, मग एकेक तसू मागं सरकू लागली. दोर ताणला, पानं गळाली. रेडिएटरमधून हळदीचं पिवळं पाणी उडालं आणि खुशालरावांच्या डोक्यावर पडलं. शिवम कधी पाण्यात उतरला कोणाला कळलं नाही, तो काळ्या गाडीला मागून खांदा लावून ढकलत होता आणि ओरडत होता, "जोर लाव, तेल्या, जोर लाव!" मातीनं एकदा मोठा मुका घेतल्यासारखा आवाज केला आणि गाडी सोडली. खुशालराव मात्र तिथंच राहिले. त्यांना नंतर हातानं काढावं लागलं.

प्रमोदिनीबाई उतरल्या. छत्री मिटली. तेल्याकडं बराच वेळ बघून म्हणाल्या, "काय दणकट आहे हो! कुठल्या कंपनीचा?"

"दावनीचा," नत्थुजी म्हणाले.

पंजाबरावांनी खांद्यावरूनच हात उंच केला आणि खणखणीत झडती म्हटली:

"चार पायाचे बैल पाहिले, चार चाकाचा पाहिला,
मान गेला वाहून अन् मानकरी चिखलात राहिला!
हर बोला हर हर महादेव!"

संध्याकाळी तेल्या बैलांसारखा दारोदार गेला. प्रत्येक घरी चाकांवर पाणी पडलं, बंपरला कुंकू लागलं. शेवटी तो स्वतःच्या अंगणात येऊन उभा राहिला. आशाबाईनं ओवाळलं. बॉनेटवर पुरणपोळी ठेवली. बॉनेट गरम होतं, पोळीवरचं तूप पाघळून खाली गेलं.

शिवम वाकून चाकाखाली बघत होता. "पन आई, इथचा पाटा कुठी गेला? पाटा असता त जीप सुटलीच नसती. कोनी काढला?"

"मी काढला," आशाबाई म्हणाली. "माहा पाटा हाय. माह्या मायनं देलेला. पुरन वाटाले घेतला. माहा पाटा घ्याले मी गावची मीटिंग बलावू का?"

नत्थुजींनी तोंड उघडलं. मिक्सरमधल्या पुरणाच्या पोळ्या दुपारपासून त्यांच्या पोटात होत्या. त्यांनी तोंड मिटलं.

"पिकअप लिंबाखाली उभी राह्यन," थोड्या वेळानं शिवम म्हणाला. "पत्रे टाकून घेऊ वरून."

देवानंद दुसऱ्या दिवशी सकाळी आला, तो पायी. एका पायात चप्पल.

"ट्रक नाल्यात बसला भाऊ," तो धापा टाकत म्हणाला. मग त्याला जरीचं लुगडं, हार, कुंकू आणि बॉनेटवरची पोळी दिसली. "हे... हेच भंगार ना?"

"भंगार?" आशाबाई फाटकाशी आली. "बैल हाय आमच्या दावनीचा. म्हातारा झाला म्हनून बाजार दाखवत नाई आमी."

देवानंदनं शिवमकडं बघितलं. शिवमनं आभाळाकडं बघितलं.

"बरं बापा, बैल त बैल. मंग त्याले लावून माहा ट्रक त काढा!"

"आज पोळ्याची कर हाय," आशाबाई शांतपणे म्हणाली. "करीलेही बैल जुंपत नाई. उद्या पाहू. बसा, पाय धुवा, जेवून घ्या."

देवानंद जेवायला बसला. दुसरं करणार काय? पहिला घास घेतला, दुसरा घेतला आणि त्याचा राग अर्धा उतरला. "वहिनी, पुरन लय बारीक हाय. पाट्यावरचं दिसते."

"पाट्यावरचंच हाय," आशाबाई म्हणाली आणि नवऱ्याकडं बघितलं.

नत्थुजींनी अंगणात बघितलं. पाटा पुन्हा तेल्याच्या चाकाखाली होता. त्यावर चाकाच्या चिखलाचा जुना ठसा जसाच्या तसा होता, पाटा पुरणासाठी धुतल्याची खूणही नव्हती.

"हो," ते म्हणाले. "पाट्यावरच्या पुरनाची गोष्टच वेगळी."

आणि आणखी एक पोळी मागून घेतली.